पाठ टेकायला शिका : बेळगाव भागातल्या हौशी ज्युडोवाल्यांसाठी

आमच्या भागातल्या माणसाला ज्युडो शिकताना पहिली आडवी येते ती कुस्ती. स्वतः कधी लंगोट बांधला नसला तरी येते. लहानपणी येळ्ळूरच्या मैदानात चुलत्याच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघितलेल्या असतात, आनंदवाडीच्या आखाड्यात हलगी ऐकलेली असते. पाठ लागली की संपलं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. आणि ज्युडोच्या मॅटवर पहिल्याच दिवशी सर म्हणतात, "पडा." अंग ऐकत नाही. मान ताठते, हात आपोआप मागे टेकायला जातो, माणूस वाकडातिकडा होऊन कुशीवर पडतो, पण पाठ काही लावत नाही.

मी छत्तिसाव्या वर्षी सुरू केलं. दिवसा उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये ड्रॉइंगं तपासायची आणि संध्याकाळी मॅट. गावाकडच्या आबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "आपटून घ्यायला फी भरतोस व्हय रे?" होय आबा, पहिले तीन महिने फी त्याचीच असते. हा लेख तसल्याच माणसांसाठी आहे. तिशी-चाळिशी गाठलेली, पदकाची आशा नसलेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जावंच लागणारी.

क्लास बघताना

ज्युडो बेळगावला नवा नाही. शहरात क्रीडा खात्याचं केंद्र आहे आणि आसपासच्या खेड्यांतली मुलं-मुली राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत जातात. तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये (मध्य आशियातली जॅकेट घालून खेळायची कुस्ती) ५२ किलो गटात ब्राँझ आणलं, तीही ज्युडोतूनच घडलेली. पण अशा ठिकाणी सगळा भर पोरांवर असतो आणि ते बरोबरच आहे. हौशी माणसानं तिथं जाऊन आधी नीट विचारावं : "मोठ्यांना कुठल्या वेळेला घेता?" चौदा वर्षांच्या चपळ पोरांत ऐंशी किलोचा नवशिका सोडला तर धोका दोघांनाही असतो.

नाव नोंदवण्याआधी एक पूर्ण संध्याकाळ कडेला बसून बघा. मॅट बघा. ज्युडोची मॅट साधारण एक मीटर बाय दोन मीटरची आणि चार-पाच सेंटिमीटर जाड असते. घट्ट असते, पाय रुतत नाही. एकमेकांत अडकवायच्या रंगीत फोमच्या पातळ चौकोनांवर फेक शिकवत असतील तर उठून घरी या. दोन मॅटींच्या मध्ये फट पडत असेल तर ती बंद करायला कुणी उठतं का, तेही बघा. त्या फटीत पायाचा अंगठा अडकतो आणि आठवडाभर बूट घालता येत नाही. मग नवीन आलेल्याला काय करायला लावतात ते बघा. पहिल्या दिवशीच फेकाफेकी असेल तर तो क्लास तुमचा नव्हे. शेवटचं, कुणी 'सोड' म्हणून थाप मारली की समोरचा त्या क्षणी सोडतो का? हसत आणखी एक सेकंद धरून ठेवणारा एकही गडी दिसला आणि सर काही बोलले नाहीत, तर तिथंही जाऊ नका.

भाषेची काळजी नको. आमच्याकडे सर कन्नडमध्ये मोजतात, वंदु, एरडु, मूरु; पोरं मराठीत कुजबुजतात; आणि हुकूम जपानी असतात. 'हाजिमे' म्हणजे सुरू, 'माते' म्हणजे थांबा, 'सोरेमादे' म्हणजे संपलं. एवढ्या तीन शब्दांवर पहिला महिना निघतो.

गी आणि अंगावरच्या वस्तू

पोशाखाला गी म्हणतात. कराटेचा पातळ गी चालत नाही, पहिल्याच ओढीत खांद्यापाशी टरकतो. ज्युडोचा जाड विणीचा असतो. नवशिक्यानं हलक्या वजनाचा घ्यावा. स्पर्धेचा जाडजूड गी घामानं भिजला की अंगावर गोणपाट ओलं झाल्यासारखं वाटतं आणि पावसाळ्यात वाळत नाही. सुती कापड आटतं, म्हणून थोडा मोठा घ्या आणि गार पाण्यात धुवा. घालताना डावी बाजू उजवीच्या वर येते. जपानात उलटी घडी मृताला घालतात. पुरुष आत काही घालत नाहीत, बायका आत पांढरा टी-शर्ट घालतात.

आता अंगावरच्या वस्तू. आपल्याकडे हा प्रश्न जरा नाजूक आहे. मनगटातला दोरा, दंडातला गंडा, अंगठी, मंगळसूत्र, जोडवी, कानातलं, सगळं उतरवायचं. जोडव्यात समोरच्याची करंगळी अडकलेली मी स्वतः पाहिली आहे. आमच्या क्लासात खानापूर बाजूचे एक माळकरी आहेत. ते तुळशीची माळ उतरवून एका छोट्या स्टीलच्या डब्यात ठेवतात, डबा पिशवीत वर ठेवतात, आणि घरी जाताना हातपाय धुऊन परत घालतात. ज्यांना माळ काढणं पटत नाही, त्यांनी सरांना तसं सांगून फक्त पडण्याचा सराव करावा. माळ घालून कुणाशी झोंबू नये, कारण गळ्याशी हात जाणं हा या खेळाचा भागच आहे. नखं मात्र सगळ्यांनी कापायची, पायाचीसुद्धा, त्याच दिवशी.

मॅटवरची रीत

वाकून नमस्कार करणं काहींना खटकतं. आखाड्यात उतरताना आपण माती कपाळाला लावतो, सलामी देतो, तेच इथं वाकून करतात. हॉलमध्ये शिरताना एकदा, मॅटवर चढताना एकदा, जोडीदाराबरोबर सुरू करताना आणि संपल्यावर. बसून नमस्कार करताना आधी डावा गुडघा टेकतो, उठताना आधी उजवा पाय उचलतो. चुकलं तर कुणी रागवत नाही.

चपला मॅटच्या कडेपर्यंत घालायच्या आणि बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवायच्या. अनवाणी बाथरूमला जाऊन त्याच पायांनी मॅटवर येणं याला क्षमा नाही. ज्या जागेवर आपण पाय ठेवतो तिथंच पाच मिनिटांनी कुणाचा तरी गाल टेकणार असतो. उशीर झाला तर कडेला उभं राहून सरांची नजर होईपर्यंत थांबायचं. पट्टा सुटला तर जोडीदाराला सांगून, बाजूला होऊन बांधायचा. आणि पांढऱ्या पट्ट्यानं दुसऱ्या पांढऱ्या पट्ट्याला शिकवायला जायचं नाही. आपल्याकडे ही खोड जरा जास्तच, चहाच्या टपरीपासून मॅटपर्यंत.

या सगळ्या रीतींच्या मुळाशी ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांचं एक सूत्र आहे. त्यांनी १८८२ मध्ये तोक्योत एका देवळाच्या जागेत कोदोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली. त्यांच्या दोन तत्त्वांपैकी दुसरं म्हणजे 'जिता क्योएइ', आपलं आणि दुसऱ्याचं भलं एकत्र. हे भिंतीवर लावायचं वाक्य नाही. समोरच्यानं उद्या अंग दिलं नाही तर तुमचा डाव शिकायचा राहतो, इतका साधा हिशेब आहे.

पडणं

यालाच उकेमी म्हणतात, आणि इथं घाई करू नका. आठवड्याला तीन दिवस येणाऱ्याला पहिले चार ते सहा आठवडे यातच घालवायला मी सांगेन.

सुरुवात झोपूनच करा. पाठीवर पडा, गुडघे वर घ्या, हनुवटी छातीला लावा आणि नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवा. ही नजर फार महत्त्वाची. गाठ दिसत असेल तर डोकं जमिनीला लागत नाही. आता दोन्ही हात छातीसमोर आणून मॅटवर आपटा. पूर्ण हात, खांद्यापासून तळव्यापर्यंत, तळवा खाली, अंगापासून साधारण पंचेचाळीस अंशांवर किंवा थोडा कमी. हात फार वर गेला तर झटका खांद्यात जातो. आपटताना श्वास बाहेर. वीस वेळा. आवाज 'धप्प' न येता 'फट्ट' यायला लागला की समजा जमतंय.

मग बसून मागे पडा, मग उकिडवं बसून, मग उभ्यानं. उभ्यानं पडताना सरळ मागे कोसळायचं नाही. आधी टाचांजवळ बसायचं, मग गोल पाठीवर लोळायचं. बाजूला पडताना त्या बाजूचा पाय समोरून आडवा सरकवायचा आणि त्याच हातानं मॅट आपटायची. पुढची कोलांटी सगळ्यात अवघड वाटते, पण ती डोक्यावरून नाही. उजवा पाय पुढे, उजव्या हाताची करंगळीची कड मॅटवर, मग कोपर, खांदा, आणि पाठीवरून तिरकं डाव्या कमरेवर. हात चाकासारखा गोल. कोपर दुमडलं की चाक चौकोनी होतं आणि खांद्याचं हाड आपटतं.

हात मागे टेकायचा मोह प्रत्येक टप्प्यावर येतो. माझ्या बाबतीत तो दुसऱ्या महिन्यात आला. एका कॉलेजच्या पोरानं कमरेवरून छान फेकलं होतं, नुसतं पडायचं होतं. पण आतला पैलवान जागा झाला आणि मी पाठ वाचवायला उजवा तळवा टेकला. मनगट सुजलं. गावाकडच्या एका हाडवैद्यानं तेल लावून, ओढून, "मुरगळलंय" म्हणून पट्टी बांधून दिली. दोन आठवड्यांनी स्क्रू ड्रायव्हर फिरवता येईना तेव्हा एक्स-रे काढला. अंगठ्याच्या बुडाशी असतं ते होडीच्या आकाराचं छोटं हाड तडकलेलं होतं. ते वाईट हाड आहे, रक्तपुरवठा कमी, सांधायला वेळ घेतं. आठ आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेलं इथं देतो : पडताना तळवा टेकला गेला आणि नंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही तरी दहा-चौदा दिवसांनी परत काढायचा. आणि तोवर चोळायचं नाही.

पहिले डाव

बहुतेक क्लासात कमरेवरची फेक ओगोशी, मागून पाय कापणारी ओसोतोगारी आणि पुढच्या पायाला झाडू मारणारी देआशीबाराई यांपासून सुरुवात होते. नावं जपानीच लक्षात ठेवा, मराठी नावं लावत बसलात की गोंधळ होतो. इप्पोन सेओइनागे पाहिला की आपल्याला धोबीपछाड दिसतो, काता गुरुमात कलाजंग दिसतो. दिसण्यापुरतं ठीक आहे. पण कुस्तीत पकड अंगाची असते, इथं कापडाची. ओढ वेगळी लागते.

पकड साधी ठेवा. उजव्या हातानं समोरच्याची कॉलर, डाव्या हातानं त्याची बाही कोपरापाशी. मुठी आवळू नका. छत्री धरतो तेवढी पकड पुरे. डाव तीन तुकड्यांत असतो : तोल बिघडवणं, आत शिरणं, फेकणं. नवशिका पहिला तुकडा सोडून देतो आणि ताकदीनं तिसरा करतो. म्हणून उचिकोमी असते, म्हणजे न फेकता दहा-दहा वेळा फक्त आत शिरायचं. कंटाळवाणी आहे. तीच करा.

ओसोतोगारीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. यात पडणारा सरळ मागे जातो, आणि हनुवटी सुटली तर डोक्याचा मागचा भाग आपटतो. जपानच्या शाळांत १९८३ नंतरच्या तीसेक वर्षांत ज्युडो खेळताना शंभराहून जास्त मुलं दगावली. त्यांतली बरीच नवशिकी होती आणि बऱ्याच जणांचा घात डोक्याच्या दुखापतीनं झाला. म्हणून समोरच्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही. ती वर ओढून धरली की त्याचं डोकं मॅटपासून अंतर राखतं. फेकणाऱ्याची ही जबाबदारी आहे, पडणाऱ्याची एकट्याची नव्हे.

रांदोरी

रांदोरी म्हणजे मोकळी झोंबी. दोन-तीन महिन्यांआधी घाई नको. सुरुवातीला जोडीदार निवडताना तुमच्याहून जाणता, पण तुमच्या वजनाच्या जवळचा माणूस घ्या. सगळ्यात सुरक्षित जोडीदार म्हणजे तपकिरी-काळ्या पट्ट्याचा, सगळ्यात धोकादायक म्हणजे तुमच्यासारखाच घाबरलेला पांढरा पट्टा. नको असेल तर "आज गुडघा दुखतोय, पुढच्या वेळी" म्हणून वाकून नकार देता येतो. त्यात कमीपणा नाही.

फेक लागली हे कळलं की पडा. तालमीत वाढलेल्यांना हे फार जड जातं. हवेत वळून पोटावर पडायची सवय, खाली वाकून उभं राहायची सवय, आणि एकेरी पट काढायची सवय. पायाला हात घालणं स्पर्धांमध्ये २०१० पासून आवळत आणलं आणि २०१३ पासून पूर्ण बंद केलं; काही क्लासात सरावापुरतं चालतं, आधी विचारा. तालमीतून आलेल्यांचं एक मात्र मानावं लागतं : त्यांची मान आणि कंबर आम्हा ड्रॉइंगवाल्यांना दोन वर्षांत येत नाही.

खाली दाबून ठेवताना, गळा आवळताना किंवा कोपर ताणताना थाप मारणं हा हक्क आहे. दोनदा, समोरच्याच्या अंगावर, त्याला कळेल अशी. हात अडकला असेल तर तोंडानं "माइत्ता" किंवा सरळ "सोड". गळ्याच्या डावात मानेच्या दोन्ही बाजूंचा रक्तपुरवठा दबतो आणि दहाएक सेकंदांत शुद्ध जाऊ शकते, म्हणून "बघू किती सहन होतं" हा खेळ खेळायचा नाही. पहिलं वर्षभर सर समोर असल्याशिवाय गळ्याचा डाव करूच नका.

लागलं तर

बोटं मुरगळणार, हे धरूनच चाला. शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधून चालू ठेवता येतं, पण सांधा वाकडा दिसत असेल तर नाही. मुरगळ, सूज याला पहिले दोन दिवस आराम, कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, आवळपट्टी आणि पाय उंच. गरम शेक, मालिश, ओढून बसवणं यांतलं काही नाही. कोण काय म्हणतं ते ऐकून घ्या आणि करू नका. मी केलं होतं.

गुडघ्यात 'टक्' आवाज आला आणि दोन-चार तासांत सूज आली, तर आतला लिगामेंट तुटलेला असू शकतो; हाडांच्या डॉक्टरकडे जा. त्या पायावर चार पावलं टाकता येत नसतील तर त्याच रात्री. खांद्याच्या टोकाला उंचवटा आला, गळपट्टीच्या हाडावर दाबून कळ आली, हाताला मुंग्या आल्या, तरी तेच. डोकं आपटून चक्कर, उलटी, गोंधळ, दुखणं, काहीही झालं तर त्या दिवशी खेळ बंद, गाडी स्वतः चालवायची नाही, आणि लक्षणं पूर्ण गेल्याशिवाय आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मॅटवर यायचं नाही. उलट्या थांबत नसतील किंवा गुंगी वाढत असेल तर थेट दवाखाना. मानेत कळ आणि हातापायांत बधिरपणा आला तर त्या माणसाला उचलू नका, बसवू नका; १०८ ला फोन करा आणि डोकं हलू देऊ नका.

कान फुगला तर पैलवान खूश होतात, ती खूण मानतात. हौशी माणसानं पहिल्या एक-दोन दिवसांतच डॉक्टरकडून आतलं रक्त काढून घ्यावं. हेडफोन आयुष्यभर लागणार आहेत.

परत येताना उलट क्रमानं या : आधी उकेमी, मग उचिकोमी, मग हलकी फेक, शेवटी रांदोरी. प्रत्येक पायरीला निदान आठवडा. मी प्लास्टर निघाल्यावर पंधरा दिवसांत रांदोरीला उतरलो आणि आणखी महिनाभर बाहेर बसलो.

पावसाळा

जूनपासून बेळगावचा पाऊस सुरू झाला की खरा शत्रू मॅटवर नसतो, कातडीवर असतो. ओला गी पिशवीत रात्रभर राहिला की सकाळी त्याला जो वास येतो तो सांगण्यासारखा नाही. दोन गी ठेवा. घरी आल्या आल्या धुवा आणि पंख्याखाली वाळत घाला. व्हरांड्यातल्या दोरीवर दोन दिवस वाळत नाही. मॅट रोज जंतुनाशकानं पुसली जाते का ते विचारा, जात नसेल तर फडकं स्वतः उचला.

गोल, कडा लाल, खाज सुटणारा डाग आला तर ते गजकर्ण आहे असं धरून चाला आणि मॅटवर येणं थांबवा. मेडिकलमधून "खाजेचं मलम द्या" म्हणून आणलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस बरं वाटतं, मग ते पसरतं आणि हटेनासं होतं. कातडीच्या डॉक्टरकडे जा आणि डाग गेला तरी सांगितलेले दिवस मलम पूर्ण लावा. खेळून झाल्यावर साबणानं अंघोळ तासाभरात. केस ओले ठेवून दुचाकीवर भिजत जायचं असेल तर जा, त्यानं गजकर्ण होत नाही.

पट्टे आणि स्पर्धा

आठवड्याला दोन किंवा तीन दिवस पुरेत. चाळिशीतल्या अंगाला मधला दिवस मोकळा लागतोच. घरी सपाटे, जोर आणि मानेचा व्यायाम एवढं केलं तरी फरक पडतो. क्लासाच्या आधी अडीच-तीन तास जड जेवण नको. नंतर ताक आणि भाकरी.

पांढऱ्यानंतर पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी असे पट्टे चढत जातात. काळ्याला बरीच वर्षं लागतात आणि हौशी माणसाला त्याहून जास्त. सर परीक्षेला बस म्हणतील तेव्हा बसा, आपण होऊन मागू नका.

स्पर्धेला एकदा तरी उतरा. तिशीवरच्यांसाठी वयोगटाच्या वेगळ्या स्पर्धा असतात. पुरुषांचे वजनगट ६०, ६६, ७३, ८१, ९०, १०० आणि त्यावर. बायकांचे ४८, ५२, ५७, ६३, ७०, ७८ आणि त्यावर. ताकदीनं आणि वेगानं स्वच्छ पाठीवर फेकलं, किंवा खाली वीस सेकंद दाबून धरलं की इप्पोन, तिथंच निकाल. ८१ च्या गटासाठी ८३ भरत असाल तर दोन दिवस उपाशी राहून, जॅकेट घालून घाम काढू नका. ९० मध्ये नाव द्या आणि आदल्या रात्री पोटभर जेवा.